तक्त्यातला विजेता

खिशात मावणारा चांगला कॅमेरा घ्यायचा म्हटलं की सल्ला ठरलेला असतो. दोन मॉडेलं शेजारी शेजारी मांडा, मेगापिक्सेल, झूम, फोकसचे बिंदू, सेकंदाला किती फोटो, बॅटरी, वजन असे रकाने पाडा, ज्या रकान्यात जो सरस त्याच्या नावावर खूण करा आणि शेवटी खुणा मोजा. ज्याच्या खुणा जास्त तो कॅमेरा चांगला. तो महाग असेल तर सल्ल्याला एक शेपूट जोडलं जातं: बजेट बसत असेल तर हाच घ्या, नसेल तर दुसऱ्यावर भागवा. ही पद्धत इतकी सरळ आणि निःपक्षपाती दिसते की तिच्यावर शंका घेणाऱ्याला गणितच कळत नाही असं वाटावं. तरीही माझं म्हणणं असं आहे की छोट्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत ही पद्धत हमखास दिशाभूल करते. तक्त्यातले आकडे खोटे असतात अशी माझी तक्रार नाही, ते बहुधा खरेच असतात. पण प्रत्येक आकडा शेजारच्या आकड्यापासून सुटा आहे, एक वाढला म्हणून दुसऱ्याचं काही बिघडत नाही, असं तक्ता गृहीत धरतो. मेख तिथेच आहे.

उदाहरणादाखल जिची तुलना अनेकदा झाली आहे अशीच एक जोडी घेऊ: सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ आणि कॅननचा पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३. दोन्ही जुलै २०१९ मध्ये, थोड्याच दिवसांच्या अंतराने जाहीर झाले. दोन्हींत ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर आहे. दोन्हींचे मेगापिक्सेल २०.१. सोनीचं वजन ३०२ ग्रॅम, कॅननचं ३०४. इथून पुढे मात्र तक्ता सोनीकडे झुकत जातो. सोनीचा झूम आठपट, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने २४ ते २०० मिमी, कॅननचा ४.२ पट, २४ ते १०० मिमी. फोकसचे बिंदू सोनीत ३५७, कॅननमध्ये ३१. सोनीला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे, कॅननला नाही. सोनीची बॅटरी २६० फोटोंची, कॅननची २३५ ची. ॲपर्चरचा रकाना तेवढा कॅननला जातो, त्याचं एफ/१.८ ते २.८ आणि सोनीचं एफ/२.८ ते ४.५. पण ती एक खूण, समोर चार. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत सोनीची सुमारे १,२०० डॉलर, कॅननची ७५०. निकाल तयार: परवडत असेल तर सोनी, नसेल तर मन मारून कॅनन.

आता एक साधा प्रश्न विचारू. सेन्सर तेवढाच, वजन तेवढंच, आकार जवळपास तेवढाच. मग सोनीला दुपटीचा पल्ला आला कुठून? तो ॲपर्चरमधून काढलेला आहे. एफचा आकडा म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर भागिले प्रकाशाच्या वाटेचा व्यास. सोनीचं २०० मिमी हे फिल्मच्या हिशेबाचं, खरं नाभीय अंतर तिथे ७२ मिमी असतं. एफ/४.५ ला वाटेचा व्यास झाला १६ मिमी. तिथेच एफ/२.८ द्यायचं म्हटलं तर व्यास लागेल जवळपास २६ मिमी, पुढचं भिंग त्याहून मोठं, आणि मागची सगळी भिंगं त्या मानाने जाडजूड. असा कॅमेरा बनवता येत नाही असं नाही. सोनीनेच तो २०१३ मध्ये बनवला. आरएक्स१० त्याचं नाव, सेन्सर त्याच मापाचा, पल्ला २४ ते २०० मिमी आणि सगळ्या टप्प्यात एफ/२.८. बॅटरी आणि कार्डासकट त्याचं वजन ८१३ ग्रॅम भरतं, आणि तो खिशात मावायचा प्रश्नच येत नाही, गळ्यात अडकवावा लागतो. उलट बाजूचा पुरावाही सोनीच्याच घरातला. आरएक्स१०० चे मार्क ३, ४ आणि ५, म्हणजे २०१४ ते २०१६ मधली मॉडेलं, २४ ते ७० मिमी झूमची होती आणि त्यांचं ॲपर्चर होतं एफ/१.८ ते २.८. २०१८ च्या मार्क ६ मध्ये झूम २०० पर्यंत पोचला आणि त्याच मॉडेलात ॲपर्चर एफ/२.८ ते ४.५ वर घसरलं. या खिशातले पैसे त्या खिशात गेले. तक्त्यात मात्र हे दोन स्वतंत्र रकाने होतात, एकात सोनीला खूण, दुसऱ्यात कॅननला, आणि वाचणाऱ्याला वाटतं की फिटंफाट झाली. अभियंत्यांनी घेतलेला निर्णय एकच होता. तो निर्णय आपल्याला मानवतो का, हा खरा प्रश्न तक्त्यात कुठेच विचारलेला नसतो.

सौदा काय भावाने झाला तेही बघण्यासारखं आहे. एफ/१.८ आणि एफ/२.८ यांत दिसायला एकचाच फरक. पण प्रकाश वाटेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात येतो, म्हणून २.८ ला १.८ ने भागून त्याचा वर्ग करावा लागतो, आणि तो येतो सुमारे २.४. म्हणजे झूम न करता, २४ मिमीला, कॅनन सोनीच्या सव्वादोन-अडीचपट प्रकाश आत घेतो. श्रावणातली मंगळागौरीची रात्र धरा. हॉलमध्ये ट्यूबलाइट, आयएसओ १६००, आणि कॅननवर एफ/१.८ ला समजा १/१२५ सेकंदाचं शटर मिळालं. त्याच उजेडात, त्याच आयएसओला, सोनीवर एफ/२.८ ला मिळेल १/५० च्या आसपास. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या आजींचा फोटो १/५० ला झकास येईल. फुगडी घालणाऱ्या दोघींचा येणार नाही: पदर, वेणी, हात सगळं फराटा मारल्यासारखं. १/१२५ लाही फुगडी पूर्ण थांबत नाही, पण निदान कोण फुगडी घालतंय ते कळतं. सोनीवर शटर तेवढंच ठेवायचं तर आयएसओ ४००० च्या घरात न्यावा लागेल, आणि एवढ्याशा सेन्सरवर तिथे नऊवारीच्या काठाची वीण विरघळायला लागते. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा दोन्हींत आहे आणि तक्त्यात तिलाही रकाना असतो. पण ती फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप सावरते. समोरच्याची गिरकी सावरणारी यंत्रणा अजून कोणी काढलेली नाही.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. प्रकाश कमी पडला तर आयएसओ वाढवता येतो, नंतर संगणकावर नॉइज घालवणारी सॉफ्टवेअरंही आता फार पुढे गेली आहेत. पण जो झूम भिंगातच नाही तो आणणार कुठून? तर झूमही थोडाफार आणता येतो. २० मेगापिक्सेलचा फोटो ५,४७२ बाय ३,६४८ पिक्सेलचा असतो. कॅननवर १०० मिमीला काढलेल्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी करून मधला भाग कापून घेतला की २०० मिमीची चौकट हाती येते, २,७३६ बाय १,८२४ पिक्सेलची, म्हणजे पाच मेगापिक्सेलची. ३०० डीपीआयला ती ९ बाय ६ इंचांची छापता येते, आणि घरच्या अल्बमला एवढं पुरतं. नॉइज सॉफ्टवेअरने कमी होतो. पण हललेला चेहरा पुन्हा जागेवर आणून बसवणं वेगळं, तिथे सॉफ्टवेअर अंदाजाने चेहरा रंगवू लागतं. मात्र एवढ्यावर थांबलो तर मीही तक्तेवाल्यांइतकाच सोयीचा हिशेब मांडला असं होईल. कापलेल्या फोटोत सेन्सरचा पावच भाग कामी येतो, त्यामुळे नॉइजच्या दृष्टीने कॅननचं १०० मिमीचं एफ/२.८ हे २०० मिमीच्या एफ/५.६ इतकंच भरतं. सोनी तिथे एफ/४.५ देतो, शिवाय वीसच्या वीस मेगापिक्सेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेतून रंगमंचावरच्या आपल्या पोराचा फोटो काढायचा असेल तर सोनी निर्विवाद सरस. उलट ‘आठपट झूम आहे, पक्ष्यांचे फोटो येतील’ या आशेवर कोणी सोनी घेत असेल तर त्याने आधी भिगवणची एक फेरी करावी. उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी टिपणाऱ्यांच्या होड्यांमध्ये ४०० ते ६०० मिमीची भिंगं दिसतात, ती मिरवायला आणलेली नसतात. २०० मिमीत रोहितांचा थवा येतो, रोहित येत नाही. तेव्हा ‘आठपट मोठं की ४.२ पट’ याचं उत्तर पहिलीतलं पोरही देईल. ते घेऊन करायचं काय, हे उभं कुठे राहायचं त्यावर ठरतं.

हे आजचंच आहे असं नाही. २००८ मध्ये कॅननने जी१० आणला: १४.७ मेगापिक्सेल, झूम पाचपट, २८ ते १४० मिमी, एफ/२.८ ते ४.५. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा एलएक्स३ आला: १०.१ मेगापिक्सेल, झूम जेमतेम अडीचपट, २४ ते ६० मिमी, एफ/२.० ते २.८. दोघांचे सेन्सर नखाएवढे, मापाने जवळपास सारखे. तक्त्यात एलएक्स३ ची कीव यावी अशी स्थिती. पण त्या ‘जेमतेम’ झूमची सुरुवात २४ मिमीला होते याचा अर्थ असा की तीन मीटर मागे सरकून उभं राहिलं तर सुमारे साडेचार मीटर रुंदीचं दृश्य चौकटीत बसतं. २८ मिमीला ते पावणेचार मीटरच्या आसपास राहतं. दोन खोल्यांच्या घरात मागे सरकायला भिंत आडवी येते, तिथे हा पाऊण मीटर म्हणजे कडेची दोन माणसं. आणि झूम किती ‘पट’ हे सांगताना लांबच्या टोकाला जवळच्या टोकाने भागलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीचं टोक किती अरुंद आहे ते भागाकारात बिनबोभाट पचून जातं. मेगापिक्सेलचं काय झालं ते तर कॅननच्याच कृतीतून कळतं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, जी१० चा वारसदार जी११ आला. भिंगाचा पल्ला तोच, २८ ते १४०, मेगापिक्सेल १४.७ वरून उतरवून १० केलेले. नखाएवढ्या सेन्सरवर दीड कोटी पिक्सेल दाटीवाटीने बसवले की मंद उजेडात फोटो खरबरीत होतो हे कंपनीला पटलं, आणि आकडे फुगवण्याच्या त्या दिवसांत तिने आकडा घटवून नवा माल बाजारात आणला. खुणा मोजणाऱ्याच्या लेखी मेगापिक्सेलच्या रकान्यात जी११ हा जी१० हून वाईट कॅमेरा. बनवणाऱ्यांनीच खोडलेला निकष खरेदी करणारे मात्र अजून उराशी धरून आहेत.

इथवर वाचून मी कॅननची वकिली करतोय असा संशय येणं साहजिक आहे. तर मग फोकसकडे वळू, कारण तिथे तक्ता सोनीवरच अन्याय करतो. ३५७ बिंदू विरुद्ध ३१ हा आकडा बघून वाटतं की सोनीचा फोकस अकरापट बारीक. फरक बिंदूंच्या संख्येत नाहीच, पद्धतीत आहे. कॅननचा हा कॅमेरा फक्त कॉन्ट्रास्टवर फोकस करतो: भिंग पुढेमागे सरकवत प्रतिमा कुठे सर्वांत रेखीव होते ते शोधायचं, आणि ती जागा सापडली हे कळण्यासाठी ती ओलांडून परत यायचं. सोनीच्या सेन्सरवर फेज ओळखणारे पिक्सेल आहेत. भिंगाच्या दोन कडांनी आलेल्या प्रकाशातला फरक मोजून ते थेट सांगतात की भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचं. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात आपल्याकडे धावत येणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. मूल दर क्षणाला जवळ येत असतं; कॉन्ट्रास्टवाला कॅमेरा त्याची जागा शोधून परत येईतो ते तिथून निघालेलं असतं. एफ/१.८ चा भरपूर प्रकाश घेऊन मागच्या कुंपणावर फोकस झालेला फोटो काय कामाचा? व्हिडिओतही तेच: बोलताना हातातली वस्तू कॅमेऱ्याजवळ धरली की कॉन्ट्रास्टवाला कॅमेरा काही वेळ चाचपडतो. एवढा मोठा फरक, आणि तक्त्यात तो ‘फोकस: कॉन्ट्रास्ट / फेज’ अशा एका ओळीत कुठेतरी खाली पडलेला असतो, कारण त्याला आकडा नाही. आकडा असलेली ओळ वर आणि बिनआकड्याची खाली, ही तक्त्याची उतरंड कॅमेऱ्याच्या कामाशी काहीही संबंध न ठेवता ठरलेली असते.

तक्त्याचा याहून गंभीर दोष मला वाटतो तो वेगळाच. ज्या ओळींत दोन्हीकडे सारखंच लिहिलेलं असतं त्या ओळी नजर ओलांडून जाते. पाण्यापासून संरक्षण: नाही, नाही. बरोबरी, पुढे चला. पण सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये भटकणाऱ्यासाठी सगळ्या तक्त्यातली महत्त्वाची ओळ हीच होती. सुरू करताच ज्यांचं भिंग नळीसारखं बाहेर येतं असे हे दोन्ही कॅमेरे आहेत. नळी आत जाताना-बाहेर येताना हवा ओढते आणि सोडते, आणि त्या हवेबरोबर जे असेल ते आत जातं. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो गुलाल असतो. गुलालाचा कण भिंगांच्या मधे किंवा सेन्सरवर बसला की तो पुसायला भिंग काढता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो. नळीच्या खाचेत बसला तर भिंग अर्ध्यात अडकतं आणि पडद्यावर लेन्स एररची सूचना येते. अशा माणसाने सोनी घ्यावा की कॅनन? दोन्ही घेऊ नयेत. त्याच वर्षी, २०१९ मध्ये, ऑलिम्पसचा टफ टीजी-६ आला होता: १५ मीटर पाण्याखाली चालणारा, भिंग बाहेर न काढणारा, २५ ते १०० मिमी, एफ/२.० ते ४.९. त्याचे मेगापिक्सेल १२ आणि सेन्सरचं क्षेत्रफळ या दोघांच्या जेमतेम पाव. तिसरा रकाना म्हणून मांडला असता तर तो बहुतेक ओळींत आपटला असता, आणि धबधब्याखाली फक्त त्याचाच फोटो आला असता. दोघांतून एक निवडा असं म्हणून तक्ता ‘यांपैकी एकही नाही’ हे उत्तर आधीच बाद करून टाकतो.

बॅटरीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. २६० आणि २३५ हे आकडे जपानच्या सीपा या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या चाचणीचे आहेत. तीत २३ अंश तापमानात दर ३० सेकंदांनी एक फोटो घेतात, दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश मारतात आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करतात. असं वागणारा माणूस लग्नघरात शोधून सापडणार नाही. फ्लॅश न वापरणाऱ्याला जास्त फोटो मिळतील, व्हिडिओ काढणाऱ्याला बरेच कमी, आणि दोन्ही कॅमेऱ्यांना जोडीची बॅटरी घ्यावीच लागेल. २५ फोटोंच्या आघाडीवर खूण करण्यात अर्थ नाही. शंभरापैकी अमुक इतके असे एकत्रित गुण देणाऱ्यांचीही हीच गत. कॅमेरे तपासणाऱ्या डीएक्सओमार्कचे गाजलेले सेन्सरचे गुण कच्च्या फाइलीवरून फक्त सेन्सरला दिलेले असतात, भिंगाला नव्हेत. आपण वर ज्या भिंगावरून एवढा काथ्याकूट केला त्याचा त्या गुणांत मागमूसही नसतो. छत्तीसपैकी तीस गुण जुळले म्हणून संसार सुखाचा होईल असं मानणाऱ्यांनी हवं तर त्यावर विसंबावं.

आता तक्त्याच्या बाजूने सर्वांत जोरकस जे बोलता येईल ते. सामान्य ग्राहकाकडे दुसरं आहेच काय? दुकानदार ज्यात सुटतं तेच पुढे करणार, परीक्षण लिहिणारा स्वतःच्या आवडीचं लिहिणार, ओळखीतला छायाचित्रकार स्वतःच्या ब्रँडची तळी उचलणार. आकडे तरी कोणाच्या बाजूचे नसतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दुकानदाराच्या गोड बोलण्यापेक्षा तक्ता बरा हे मी मान्य करतो. माझा आक्षेप तक्ता वाचण्याला नाही, खुणा मोजण्याला आहे. आणि निःपक्षपाती आकडेच हवे असतील तर त्याहून उपयोगी आकडे प्रत्येकाच्या खिशात आहेत. फोनमधल्या प्रत्येक फोटोच्या तपशिलात तो कोणत्या नाभीय अंतराला, किती आयएसओला आणि किती शटरला काढला हे नोंदलेलं असतं. गेल्या वर्षा-दोन वर्षांतले जे फोटो खरोखर जपावेसे वाटतात तेवढे वेगळे काढावेत आणि त्यांचे तपशील चाळावेत. बहुतेक आयएसओ १००० च्या वर आणि रुंद भिंगाचे निघाले तर तो माणूस घरातल्या उजेडात जवळून फोटो काढणारा आहे, आणि त्याने एफ/१.८ साठी पैसे मोजावेत. बहुतेक फोटो बोटांनी ताणून झूम केलेले, दिवसाउजेडी काढलेले निघाले तर २०० मिमी त्याचं. या पुराव्याला दुकानदाराची भीड नाही, आणि परीक्षण लिहिणाऱ्याच्या आवडीनिवडीशीही त्याला देणंघेणं नाही.

फोनचा विषय निघालाच आहे तर तक्त्यात न मांडलेला आणखी एक रकाना तोच. आपण सोनीची कॅननशी तुलना करतो; खिशात मात्र आधीच एक कॅमेरा असतो आणि तो काही फेकून द्यायचा नसतो. २०२२ पासून शाओमी, विवो यांच्या काही महागड्या फोनांत एक इंची मापाचाच सेन्सर आला आहे, आणि त्यावरचं मुख्य भिंग २३-२४ मिमीच्या आसपास, एफ/१.९ किंवा त्याहून मोठं असतं. असा फोन ज्याच्याकडे आहे त्याला कॅननच्या रुंद टोकाचं कौतुक बरंच कमी वाटायला हवं, कारण ते त्याच्याकडे आहे. त्याला उणीव आहे ती लांबच्या पल्ल्याची, आणि मग माझा मंगळागौरीचा सगळा युक्तिवाद उलटा फिरून सोनीच्या पारड्यात पडतो. साधा फोन असणाऱ्याला तो जसाच्या तसा लागू. म्हणजे त्याच दोन कॅमेऱ्यांचा निकाल शेजारच्या दोन घरांत वेगवेगळा लागू शकतो, आणि दोन्हीकडे बरोबर असू शकतो. यावर काहीजण वैतागून दुसऱ्या टोकाला जातात: कॅमेऱ्यावर काही नसतं, बघणारी नजर हवी, नाचता येईना अंगण वाकडं. ऐकायला हे भारदस्त आहे, पण तक्त्याइतकंच आळशी. अंगण कधी कधी खरोखर वाकडं असतं. १/५० ला फुगडी हलते ती नजर कमी पडली म्हणून हलत नाही. आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मे महिन्याच्या उन्हात कॅननच्या पडद्यावर काही दिसत नसेल तर त्याला नजरेचा उपदेश करून काय उपयोग. त्याला सोनीचा व्ह्यूफाइंडर हवा, ज्याचा नंबर चष्म्याप्रमाणे जुळवता येतो आणि चष्मा कपाळावर चढवून, डोळ्याला लावून बघता येतं.

राहिला शेवटचा व्यावहारिक आक्षेप: हे सगळं पडताळून बघायचं कुठे? सीपाच्याच आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, त्यांतले बहुतेक खिशातले. २०२३ मध्ये सगळे प्रकार मिळून हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. साहजिकच मॉलमधल्या दुकानांत असे कॅमेरे मांडून ठेवायचे दिवस गेले आणि सीलबंद खोकं कोणी नुसतं बघायला फोडून देत नाही. पण मुंबई-पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात, आणि ४५० डॉलरचा फरक ठरवताना दोन्हींचं एका दिवसाचं भाडं भरणं म्हणजे चैन नव्हे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात वापरलेले कॅमेरे हाताळूनही बघता येतात. तिथे नवा घ्यायचा तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी आहे ना ते आधी विचारावं, कारण परदेशातून परस्पर आलेला माल स्वस्त पडतो आणि भिंग अडकलं की सर्व्हिस सेंटरच्या दारात महाग पडतो. किमतीच्या रकान्यात हे दोन्ही माल एकाच आकड्याखाली येतात. वापरलेला घ्यायचा तर आपलं कार्ड घालावं, झूम शेवटपर्यंत बाहेर काढून चार-सहा वेळा आतबाहेर करावा आणि नळीतून खरखर येते का ते कान देऊन ऐकावं. मग दुकानाबाहेर येऊन, ॲपर्चर एफ/११ वर ठेवून, मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढावा आणि तो पडद्यावर मोठा करून कोपऱ्यांपर्यंत बघावा. करडे डाग दिसले तर धूळ सेन्सरवर पोचली आहे. कॅमेरा उघडून साफ करण्याचा खर्च भावातून तिथेच वजा करून मागावा, आणि दुकानदार ऐकत नसेल तर पुढचं दुकान गाठावं.